होडीच्या उंचीवरून सिंधुदुर्ग

सिंधुदुर्गाचं महाद्वार लांबून ओळखू येत नाही, हे मालवणात लहान पोरांनाही ठाऊक असतं. तट तिथे असा वळवून घेतला आहे की दोन बुरुजांच्या मधल्या खोबणीत दरवाजा दडतो, आणि होडी अगदी जवळ येईपर्यंत समोर नुसती दगडी भिंत दिसत राहते. किल्ला संगणकात उभारायचा तर हा दरवाजा तिथेही तसाच दडला पाहिजे, असं मी ठरवलं. त्या एका हट्टापायी कॉम्प्युटर ग्राफिक्समधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला दुसऱ्यांदा शिकावी लागली, आणि दुसऱ्यांदा शिकले तीच माझ्याजवळ राहिली.

पहिल्यांदा शिकले ते रत्नागिरीत, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लॅबमध्ये टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर चालायचं, तेही डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्सच्या खिडकीत. ६४० बाय ४८० ठिपके, सोळा रंग, आणि एकेक ठिपका पेटवणारं पुटपिक्सेल हे फंक्शन. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे जुनाट वाटायचं. मला आवडायचं, कारण त्यात काहीच झाकलेलं नव्हतं. पडद्यावर जे उमटे त्यातला प्रत्येक ठिपका आपण स्वतः ठेवलेला असे.

विषय सुरू होतो रेषेपासून. पडदा चौकटींचा, रेषा तिरकी. मग प्रत्येक पावलाला वरची चौकट भरायची की बाजूची? आयबीएममधल्या जॅक ब्रेसेनहॅमने १९६२ साली कागदावर रेघा ओढणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी याचं उत्तर शोधलं. अपूर्णांक नाहीत, भागाकार नाही. फक्त पूर्णांकांची बेरीज आणि शून्याशी तुलना. आमच्या सरांनी हे संगणकाला हात लावायच्या आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने करायला लावलं. चौकटी भरता भरता चूक-अंक, म्हणजे खऱ्या रेषेपासून आपण किती ढळलो त्याचा हिशेब, कसा वाढतो, शून्य ओलांडला की रेषा कशी एक पायरी चढते, हे बोटांना कळलं. आज कुणी मला विचारलं, ग्राफिक्स कुठून सुरू करू, तर मी त्याला आधी आलेखाची वहीच आणायला सांगेन. त्यानंतर वर्तुळ, बहुभुजात रंग भरणं, खिडकीबाहेरची रेषा कापणं, फिरवणं, सरकवणं हे सगळं झपाट्याने झालं, जर्नलं लिहून झाली, व्हायवा झाली.

अडखळले ते दृष्टिरेषेपाशी, म्हणजे त्रिमितीय वस्तू सपाट पडद्यावर आणण्याच्या प्रकरणापाशी. पुस्तकात चार बाय चारचे मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचे तक्ते होते, ते पाठ केले होते. पण त्यामागे दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण आहेत, हे उशिरा लक्षात आलं. डोळा एका जागी, त्याच्यासमोर ठरावीक अंतरावर काच, आणि काचेपलीकडे माड. माडाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत सरळ रेघ ओढली की ती काचेला जिथे छेदते, तिथे शेंडा काढायचा. माडाच्या उंचीला त्याच्या अंतराने भागायचं आणि काचेच्या अंतराने गुणायचं, बस्स. लांबचं लहान दिसतं ते या भागाकारामुळे. आणि त्याच्याही आधी एक पायरी असते: सगळं जग उचलून असं ठेवायचं की डोळा शून्यावर येईल. संगणकात कॅमेरा पुढे जातो असं आपण म्हणतो, पण गणितात कॅमेरा जागचा हलत नाही, सारा किनारा त्याच्याकडे सरकतो. म्हणून कुठलंही चित्र काढायच्या आधी यंत्राला एकच गोष्ट सांगावी लागते, डोळा कुठे आहे.

हे कळलं तेव्हा आयव्हन सदरलंड यांचं काम मी वेगळ्या नजरेने वाचलं. १९६३ मध्ये एमआयटीत त्यांनी स्केचपॅड केलं, प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर आकृत्या काढण्याची सोय. पण मला जास्त भावलं ते १९६८चं त्यांचं डोक्यावर चढवायचं उपकरण. ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवावं लागे, आणि आत दिसायच्या त्या नुसत्या तारेसारख्या रेघांच्या आकृत्या. तरीही माणसाने मान वळवली की यंत्र मानेची जागा मोजायचं आणि त्या नव्या डोळ्यासाठी चित्र पुन्हा काढायचं. आभासी जग म्हणजे काय, याचं याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. रेघा साध्या असल्या तरी चालतं. डोळा खरा लागतो.

टर्बो सी तिथे संपलं. पुढचं मी घरच्या लॅपटॉपवर, ब्राउझरमध्येच त्रिमितीय चित्रं काढू देणाऱ्या वेबजीएलवर शिकले. त्याला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना ते सोयीचं. इथे कोण पुढे, कोण मागे हे ग्राफिक्स कार्ड स्वतः ठरवतं. एडविन कॅटमल यांच्या १९७४च्या प्रबंधात ही पद्धत आहे: प्रत्येक ठिपक्यापाशी रंगाबरोबर खोलीही, म्हणजे डोळ्यापासूनचं अंतरही, लिहून ठेवायची, आणि नवी वस्तू आधीच्यापेक्षा जवळ असेल तरच ठिपका बदलायचा. किनारा काढताना याची मर्यादा समोर आली. लांबवर जिथे पाण्याची पातळी आणि वाळू जवळजवळ एकाच उंचीवर येतात, तिथे पट्टे चमकू लागतात. क्षणात पाणी वर, क्षणात वाळू. कारण खोलीचे आकडे डोळ्याजवळ दाट आणि दूर विरळ असतात. कॅमेऱ्याची जवळची सीमा, म्हणजे जिच्या अलीकडचं काहीच काढायचं नाही ती, थोडी पुढे सरकवली की दूरच्या वाळूला पुरेसे आकडे मिळतात आणि चमक थांबते. या एका चमकणाऱ्या पट्ट्यामुळे ते प्रकरण कायमचं डोक्यात बसलं.

उजेडाचं प्रकरण मात्र मी चवीने शिकले, कारण ते तपासून बघायला अंगण होतं. जांभ्याचा चिरा खरखरीत. त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे सारखा विखुरतो, म्हणून तो किती उजळ दिसेल हे फक्त सूर्याच्या कोनावर ठरतं. पृष्ठभागाला लंब असलेली दिशा आणि सूर्याची दिशा, या दोहोंमधल्या कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन, घ्यायची. लॅम्बर्टचा नियम एवढाच आहे. मग सूर्य कुठे, हे ठरवायला मालवणचं गणित मांडलं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मालवण साधारण ७३.५ अंशावर. फरक नऊ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास. आणि अक्षांश १६ असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीला सावलीच राहत नाही. ऑगस्टातला तो दिवस आपल्याला ढगांमुळे दिसत नाही, मेमधला दिसतो. मी लिहिलेल्या सूर्याने मेमध्ये तुळशीवृंदावनाची सावली नाहीशी केली, आणि खळ्यात जाऊन पाहिलं तर तिथेही ती नव्हती. तो आनंद मोठा होता.

पाण्याला कोज्या पुरत नाही. तारकर्लीच्या बाजूला स्वच्छ पाण्यात होडीतून खाली पाहिलं की तळाची वाळू दिसते, आणि नजर जरा वर उचलली की तेच पाणी आभाळाच्या रंगाचं होतं. पाणी बदलत नाही, बघण्याचा कोन बदलतो. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं. लंबापासून ८० अंश कलून पाहिलं तर सुमारे पस्तीस टक्के, आणि त्याहून आडवं गेलं की आरसाच. मूळ सूत्र फ्रेनेलचं. ते मोजायला जड, म्हणून १९९४ मध्ये श्लिक यांनी पाचव्या घाताचं एक सुटसुटीत रूप दिलं, आणि ते आज जवळपास सगळीकडे वापरतात. माझ्या शेडरमध्ये, म्हणजे ठिपक्यांचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, ती एकच ओळ आहे. ती लिहीपर्यंत माझा समुद्र निळ्या रंगाचा पत्रा होता. ती लिहिल्यावर जवळचं पाणी पारदर्शक झालं आणि लांबचं संध्याकाळचं आभाळ घेऊन बसलं. लाटांसाठी गेर्स्टनर यांचं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं गणित वापरलं. त्यात पाण्याचा प्रत्येक कण पुढे न जाता गोल फिरतो, म्हणून माथे टोकदार आणि मधले खळगे पसरट होतात. किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर पाण्यावर तरंगणारी काटकी तशीच फिरताना दिसते.

एवढं झाल्यावर मला दुसऱ्यांनी केलेली जगं बघायची होती. सेकंड लाइफ हे २००३ साली सुरू झालेलं आभासी जग अजून चालू आहे. तिथलं जवळजवळ सगळंच, घरं, झाडं, कपडे, लोकांनी स्वतः बनवलेलं असतं. कॉलेजच्या लॅबमधल्या चांगल्या मशीनवर परवानगी घेऊन मी संध्याकाळी तिथे हिंडायचे. जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब, तेवढाच रुंद. त्याला रीजन म्हणतात. दिवस चार तासांचा, त्यात तीन तास उजेड आणि एक तास रात्र. मी संग्रहालयं पाहिली, रिकामी पडलेली शहरं पाहिली, आणि सँडबॉक्स पाहिले, जिथे कुणीही येऊन ठोकळे जोडून शिकू शकतं. कुणी अनोळखी बाई मला ठोकळा पोकळ कसा करायचा, त्याला स्क्रिप्ट, म्हणजे त्याने काय करायचं ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम, कशी लावायची हे न कंटाळता शिकवत राहिली. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही.

पण हिंडताना एक गोष्ट सतत खटकायची. घरं फार मोठी. दारं दोन पुरुष उंच, खोल्या सभागृहासारख्या. कारण शोधलं तर ते पुन्हा डोळ्यापाशीच आलं. तिथे नेहमीचा कॅमेरा तुमच्या पात्राच्या मागे आणि डोक्याच्या वर तरंगतो. खऱ्या मापाच्या खोलीत शिरलं की कॅमेरा छताला आणि भिंतीला अडतो, म्हणून लोक छतंच उंच करतात. डोळा चुकीच्या जागी असला की मग अख्खं गाव चुकीच्या मापाचं उभं राहतं. आपल्या माजघराची उंची, वाकून शिरायचं दार, पडवीवर उतरत आलेली कौलं, हे त्या कॅमेऱ्याने बांधताच येणार नाही, हे मला तेव्हाच समजलं.

सेकंड लाइफमध्ये जमीन घ्यायला पैसे लागतात. ओपनसिम्युलेटर हे त्याच धर्तीचं मोफत सॉफ्टवेअर, आपल्याच मशीनवर चालणारं, आणि फायरस्टॉर्मसारख्या व्ह्यूअरने त्यात शिरता येतं. किल्ल्याचं काम मी तिथे सुरू केलं. सिंधुदुर्गाचा विस्तार ४८ एकर सांगतात. एक रीजन म्हणजे सोळा एकरांहून किंचित जास्त. तेव्हा नुसता किल्लाच तीन रीजन भरतो. भोवती समुद्र हवा, होडीला अंतर हवं, म्हणून चार बाय चार रीजनचा एक सलग प्रदेश घेतला. १०२४ मीटर लांब, तेवढाच रुंद. सगळी मापं खरी, एका मीटरला एक मीटर.

जमिनीची उंची उपग्रहांच्या माहितीतून मिळेल असं वाटत होतं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला, आणि ती माहिती मोफत मिळते. पण तिच्यात ३० मीटरला एक आकडा. बारा फूट जाडीचा तट त्या जाळीतून सरळ निसटतो. शिवाय रडार झाडांच्या शेंड्यांवरूनही परततं, म्हणून किनाऱ्यालगतची माडांची बाग तिथे टेकाड होऊन बसते. डोंगरकपाऱ्यांसाठी, पार्श्वभूमीला मालवणची जमीन दाखवण्यासाठी ती माहिती छान आहे. किल्ल्यासाठी नाही.

मग तट ब्लेंडरमध्ये केला. ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचं, आज जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून मुक्त करून घेतलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते झालं नसतं तर मालवणातल्या मुलीच्या हाती ते कधी आलं असतं कोण जाणे. उपग्रहाच्या चित्रावरून तटाची नागमोडी रेघ काढली, तटाचा एक छोटा तुकडा बनवला आणि तो त्या रेघेवर पुन्हा पुन्हा मांडत नेला. सुमारे तीन किलोमीटर तट, तीस फूट उंची, मध्ये बुरूज. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. हिरोजी इंदुलकरांनी ते उभारलं. समुद्राच्या मध्यात, पावसाळ्यात सगळं ठप्प होत असताना, तीन वर्षांत. तीच वळणं मी माउसने काढत होते, आणि प्रत्येक वळणाला थांबून विचार करावा लागत होता की हे इथेच का वळलं. खडकाच्या कडेने गेलं म्हणून की मारा टाळायला म्हणून, की पाहणाऱ्याची नजर अडवायला म्हणून?

दगडाचा पोत फोटोंवरून घेतला. ड्रोन उडवायला परवानगी लागते, म्हणून हातातल्या फोननेच. पहिला सराव घरच्या तुळशीवृंदावनावर. एकामागोमाग असे फोटो काढायचे की प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान साठ-सत्तर टक्के भाग पुन्हा येईल. मग मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले सारखे बिंदू हुडकतं. या पद्धतीचं मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं: दगडाचा आकार काढायच्या आधी ते प्रत्येक फोटो कुठून काढला ते ठरवतं. पडद्यावर वृंदावनाभोवती छोटे छोटे कॅमेरे गोल उभे राहतात. मी जिथे जिथे उभी होते, वाकले होते, उकिडवी बसले होते, त्या सगळ्या जागा. प्रक्षेपणाचं, म्हणजे माड काचेवर आणायचं तेच गणित उलट्या दिशेने सोडवलेलं. चमकतं आणि हलतं ते मात्र त्याला चालत नाही. ओला दगड, पाणी, माडाची झावळी, तिन्ही ठिकाणी ते हात टेकतं. म्हणून तटाचे फोटो ढगाळ पण कोरड्या दिवशी काढले. उन्हाच्या सावल्याही मग पोतात अडकत नाहीत.

दरवाजाचा भाग उभा राहिल्यावर मी तो माझ्या मामाला दाखवला. मामाची होडी आहे. प्रवाशांना किल्ल्यावर नेण्यात त्याचं आयुष्य गेलं. बांधकाम करताना कॅमेरा वर घारीसारखा फिरवावाच लागतो, तसा तो पडद्यावर होता. मामाने बराच वेळ पाहिलं. बुरूज ओळखले, वळण ओळखलं. मग म्हणाला, "सगळा आसा गो. पण तू खंयसून बघतंस ह्यां? माणूस काय इतक्या उंचार बसता?"

मी त्याला विचारलं, होडीतून येताना दरवाजा नक्की कधी दिसतो. त्याने हाताने दाखवलं: आधी भिंत, मग भिंतीला घडी पडल्यासारखी, मग एक बुरूज दुसऱ्याच्या पुढून सरकतो आणि तेव्हा कुठे आतली सावली. "तोवर नवो माणूस विचारीत ऱ्हवता, दरवाजो खंय, दरवाजो खंय."

म्हणजे दरवाजा लपवायला मला भिंत बदलायची नव्हती. भिंत खरी होती. डोळा होडीत आणायचा होता. ओपनसिम्युलेटरच्या स्क्रिप्टमध्ये त्याची सोय आहे. एखाद्या वस्तूवर पात्र बसलं की कॅमेरा मागे आणि वर न तरंगता थेट त्याच्या डोळ्यांत जावा, असं एका फंक्शनने सांगता येतं. मी होडी बनवली, तिच्या फळीवर बसायची जागा ठरवली, आणि त्या फंक्शनने डोळा बसलेल्या माणसाच्या उंचीला आणला, पाण्यापासून मीटर-सव्वा मीटरवर. त्या प्रदेशात उडण्याची परवानगी बंद केली. आता होडीत बसल्यावाचून किल्ल्याकडे जाताच येत नाही, आणि होडीत बसलं की तटावरून डोकावता येत नाही. होडी पुढे सरकते, तट वाढत जातो, घडी पडते, एक बुरूज दुसऱ्यापुढून सरकतो. माझ्या स्वतःच्या हाताने ठेवलेला दरवाजा मलाच त्या क्षणापर्यंत दिसला नाही.

मामाने पुन्हा पाहिलं आणि या वेळी त्याने पाण्याबद्दल विचारलं. भरती आहे की सुकती? किल्ल्याभोवतीचे खडक कधी उघडे, कधी झाकलेले असतात, त्यावरून होडी कुठून न्यायची ते ठरतं. माझं पाणी २० मीटरच्या ठरलेल्या पातळीवर स्थिर होतं; या प्रकारच्या जगांत समुद्राची मूळ पातळी तीच असते. ओपनसिम्युलेटरमध्ये ती स्क्रिप्टने वरखाली करता येते, फक्त सेटिंगमध्ये तशी मुभा द्यावी लागते. प्रश्न होता वेळेचा. तो मामाने चहाच्या आधी सोडवला: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पुनवेला नि अवसेला अकरा-बाराच्या. आमच्या किनाऱ्यावर हे सगळ्यांना पाठ असतं. अंदाजाचं आहे, पण अंदाज चांगला आहे, कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तासाचा हिशेब त्याच्या जवळ जातो.

मी ते तसंच लिहिलं. एका माहीत असलेल्या अमावास्येपासून आजपर्यंतचे दिवस, त्यांना २९.५३ ने भागून उरलेल्या बाकीवरून तिथी, तिथी गुणिले तीन भागिले चार म्हणजे भरतीची वेळ. तिथून पुढे सुमारे १२ तास २५ मिनिटांचं आवर्तन. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणून चढउतार मोठा, अष्टमीला भांग म्हणून लहान. सबंध स्क्रिप्टमध्ये सगळ्यात नेमकी ओळ कुठली म्हणाल तर तीच, आणि ती कुठल्याही पाठ्यपुस्तकातून आलेली नाही. सुकती लागली की होडीही खाली जाते, तिच्यातला डोळाही, आणि तोच तट अधिक उंच भासतो. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. पाणी खरं केल्यावर ते आपोआप झालं.

पुढे माझ्या मावसबहिणीच्या शाळेत, ती प्राथमिक शिक्षिका आहे, मुलांना हे दाखवायची संधी मिळाली. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, एका वेळी एक मूल होडीत. साध्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात फोन ठेवून दोन डोळ्यांसाठी दोन चित्रंही करून पाहिली. दोन डोळ्यांमधलं सहा सेंटिमीटरभर अंतर तेवढंच कॅमेऱ्यांत ठेवलं की खोली जाणवते. पण मुलांना त्याची गरज भासली नाही. पडद्यावरच ती पुढे झुकून दरवाजा शोधत होती. काही जणांनी होडी किल्ल्याला फेरी घालायला नेली. ज्यांच्या घरी होडी आहे अशा दोघांनी आधी खडक शोधले.

त्यांच्याच एका प्रश्नाने मला सध्याच्या कामाला लावलं आहे. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मुलांना त्या बघायच्या होत्या. माझ्या जगात विहीर खणता येत नव्हती, कारण तिथे पाण्याची एकच पातळी असते. जमीन त्या पातळीच्या खाली नेली की खड्ड्यात समुद्रच भरतो, आणि भरतीबरोबर वरखालीही होतो. खऱ्या बेटावर तसं होत नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे बेटांच्या पोटात त्याच्यावर तरंगत टिकून राहतं, असं भूजलाचं शास्त्र सांगतं. हा भेद दाखवण्यासाठी मी विहिरीचा तळ समुद्राच्या सर्वांत वरच्या पातळीच्या किंचित वर धरला आहे, आणि आत स्वतंत्र पाण्याचा एक पातळ थर ठेवला आहे. तो भरती-सुकतीच्या स्क्रिप्टला बांधलेला नाही, वर्षाच्या महिन्याला बांधलेला आहे: मेमध्ये खाली, ऑगस्टात वर. काठावरून वाकून पाहिलं की सरळ खाली बघितल्यामुळे तळ दिसतो, आणि जरा मागे सरून पाहिलं की आभाळ. श्लिकची तीच ओळ इथेही चालते.

दूधबाव अशी झाली आहे. उरलेल्या दोन बावींच्या कठड्यांचे आणि आतल्या पायऱ्यांचे फोटो अजून हवे आहेत. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळला की मामाच्या पहिल्या फेरीला मी आणि मावसबहीण फोन चार्ज करून निघणार आहोत.